आमदार-खासदारांना फोन करायला दडपण येतं? आधी एवढं करा

डीपी जळून आठ दिवस झाले, पाणी असून पीक वाळतंय, तरी आमदारांना फोन लावायला हात धजत नाही. ‘साहेब रागावले तर?’ ही भीती गावोगावी आहे. खरं तर फोन बहुतेक वेळा पीए उचलतात. निरोप लिहून घेणं हे त्यांचं कामच आहे.

विषय कुणाचा ते आधी ठरवा. डिसेंबर २०२३ मधली कांदा निर्यातबंदी केंद्राची होती; अशा प्रश्नाला खासदार. वीज, पंचनामे, राज्याची कर्जमाफी यासाठी आमदार.

बोलायचं ते कागदावर लिहा : नाव, गाव, अडचण, मागणी. घरात एकदा मोठ्याने वाचा. फोनवर तेच वाचून दाखवलं तरी चालतं. ‘नमस्कार, मी अमुक गावचा शेतकरी. निर्यातबंदीला आमचा विरोध आहे, साहेबांनी संसदेत बोलावं,’ एवढं पुरे. भांडू नका, गयावयाही करू नका.

फोन उचलला नाही तर मेसेज टाका. तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत टिपा, आठवड्याने परत विचारा. मत दुसऱ्याला दिलं असेल, तरी निवडून आलेला माणूस तुमचाही प्रतिनिधी आहे.