टीव्ही रेकॉर्डरची साठवण वाढविताना

डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, अर्थात डीव्हीआर, भरला की तक्रार करत बसत नाही. नव्या कार्यक्रमाला जागा करून देण्यासाठी तो सर्वांत जुना कार्यक्रम मुकाट्याने पुसून टाकतो. सुटीत पाहू म्हणून राखून ठेवलेला चित्रपट ऐनवेळी यादीत सापडत नाही, तेव्हा घरात वाद होतो आणि मग प्रश्न निघतो तो हार्डडिस्क मोठी करण्याचा.

हा उद्योग सर्वाधिक प्रमाणात झाला तो अमेरिकेत, 'टीव्हो' या रेकॉर्डरवर. १९९९ मध्ये हा संच तेथील बाजारात आला, तेव्हा त्याच्या छोट्या नमुन्यात १४ तासांचे मुद्रण मावत असे. अर्थात हे १४ तास सर्वांत हलक्या दर्जाचे. चित्र उत्तम हवे असेल, तर हा आकडा एक तृतीयांशाच्या आसपास घसरत असे. क्रिकेटसारखा वेगवान खेळ मुद्रित करणाऱ्याला डब्यावर छापलेल्या तासांचा फारसा उपयोग नसतो, तो याचमुळे.

टीव्होच्या पेटीत प्रत्यक्षात एक छोटा संगणकच होता. लिनक्स ही प्रणाली आणि संगणकाच्या दुकानात मिळते तशीच हार्डडिस्क. हे लक्षात येताच हौशी मंडळींनी पेटी उघडली. ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू सोडवायचे, मूळ डिस्क व नवी मोठी डिस्क एकाच संगणकाला जोडायची, लिनक्सच्या सीडीवरून संगणक सुरू करून 'एमएफएस टूल्स'सारख्या साधनाने नक्कल करायची आणि उरलेली जागा मुद्रणासाठी खुली करायची, अशी ही रीत. सारे जुने कार्यक्रमही सोबत घ्यायचे असतील, तर कित्येक तास लागत. केवळ प्रणाली व सेटिंग घ्यायची असल्यास काम लवकर आटोपे.

फसगत होई ती एका साध्या चुकीने. टीव्होची डिस्क जोडलेली असताना संगणक विंडोज २००० किंवा एक्सपीमध्ये सुरू झाला, की विंडोज त्या अनोळखी डिस्कच्या सुरुवातीलाच आपली खूण लिहून मोकळे होई. त्यानंतर ती डिस्क परत बसविली तरी रेकॉर्डर सुरूच होत नसे. म्हणून मूळ डिस्कला हात न लावता ती कपाटात जपून ठेवणे, हा या कामातला सर्वांत स्वस्त विमा होय. दुसरा धोका जिवाचा आहे. सुरुवातीच्या संचांत वीजपुरवठ्याचा भाग डिस्कच्या शेजारी उघडाच असे. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज टिकून राहते.

मोठी डिस्क घेतली म्हणजे सगळी जागा मिळतेच असे नाही. जुन्या आयडीई पद्धतीत प्रत्येक खणाचा पत्ता २८ बिटांत लिहिला जाई. खण ५१२ बाइटचा. हिशेब केल्यास मर्यादा येते सुमारे १३७ जीबी. प्रणालीत बदल केल्याखेरीज त्यापुढचा भाग जुन्या टीव्होला दिसतच नसे.

२००६ च्या 'सिरीज ३'त हाय डेफिनिशनचे मुद्रण होते आणि भूक एकदम वाढली. अमेरिकी प्रसारणाचा कमाल वेग सेकंदाला १९.३९ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे पावणेनऊ जीबी. ५०० जीबीची डिस्कही साधारण ५७ तासांत भरते. या संचाला मागील बाजूस ई-साटा जोडणी होती. तिच्यावर कंपनीने मान्य केलेली बाह्य डिस्क लावली की पेटी उघडण्याची गरजच नाही. मात्र जोडल्यानंतर दोन्ही डिस्क मिळून एकच साठा बनतो आणि कार्यक्रम दोहोंवर विखुरले जातात. बाह्य डिस्क सोडविली, की जोडणीनंतरचे मुद्रण गेलेच. डिस्क दोन झाल्या म्हणजे बिघाडाची शक्यताही दुप्पट झाली, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. २०१३ च्या 'रोमिओ'त गोष्टी सोप्या झाल्या. ३ टीबीपर्यंतची कोरी डिस्क आत बसवावी, संच तिची मांडणी स्वतःच करतो. जुने कार्यक्रम मात्र त्यात येत नाहीत.

डिस्क निवडताना केवळ जीबी पाहू नयेत. कोणी पाहत नसतानाही टीव्हो चालू वाहिनीचा अर्धा तास सतत लिहीत असतो. त्यामुळे चोवीस तास चालणारी, कमी तापणारी, व्हिडिओ किंवा टेहळणी कॅमेऱ्यांसाठी बनविलेली डिस्क योग्य ठरते. २०२५ मध्ये टीव्होने रेकॉर्डरची विक्री थांबविली. तेव्हा जुना संच बाळगणाऱ्याने डिस्क खरखर करू लागण्याची वाट न पाहता आधीच तिची नक्कल करून ठेवावी.

डिस्कवरून थेट मुद्रण काढून संगणकावर पाहू, ही आशा मात्र बहुधा फोल ठरते. सिरीज २ पासून टीव्होचे कार्यक्रम सांकेतिक स्वरूपात साठविले जातात आणि त्याची किल्ली त्या संचाच्या सर्किटवरील चिपमध्ये असते. संच जळाला, की डिस्क धडधाकट असूनही आतले कार्यक्रम मुके.

भारतात ही सोय घरोघरी पोहोचली ती डीटीएच कंपन्यांमुळे. आता 'टाटा प्ले' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा स्कायने २००८ मध्ये 'टाटा स्काय प्लस' आणला. त्याची डिस्क १६० जीबीची आणि मुद्रण ४५ तासांचे. पुढे काही कंपन्यांच्या संचांना यूएसबीद्वारे बाहेरची डिस्क जोडून मुद्रण करता येऊ लागले. अशी डिस्क जोडताना संच तिची नव्याने मांडणी करतो व तिच्यावरील पूर्वीचे सारे पुसले जाऊ शकते. घरच्या लग्नाची छायाचित्रे असलेली डिस्क त्यासाठी वापरू नये. पेटी उघडण्यापूर्वी करारही वाचावा. अनेकदा संच ग्राहकाच्या घरात असला, तरी मालकी कंपनीचीच असते.