वरच्या खाचराची साक्ष

आमच्या वेल्ह्याच्या डोंगरउतारावर भाताची खाचरं पायरी-पायरीनं उतरतात. पावसाचं पाणी वरच्या खाचरातून खालच्यात येतं. वरच्यानं युरिया फेकला, तर खालच्याला नको असला तरी तो मिळतोच. सेंद्रियचं प्रमाणपत्र काढायचं ठरवलं, तेव्हा कागदाआधी मला वरच्या बांधावर जाऊन चुलतभावाला गळ घालावी लागली.

माझ्या आजीनं आयुष्यभर राब भाजला. शेण, डहाळ्या, पालापाचोळा आणि वर मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात धग लागली की तणाचं बी जळायचं आणि त्याच राखेत रोप तरारायचं. त्याला सेंद्रिय म्हणायची कुणाला गरज नव्हती. मग युरियाच्या गोणी आल्या. पुढं वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली इंद्रायणी ही भाताची जात आली, आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून. पीक वाढलं, चार पैसे दिसले, हे मी नाकारत नाही. पण पुण्याचं गिऱ्हाईक विचारू लागलं, "बिनखताचा आहे ना?" नुसत्या 'हो'वर त्यांनी विश्वास का ठेवावा?

या प्रश्नाचं उत्तर मावळात जुनंच आहे. शिवकाळात वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार यांच्यासमोर निवाडा होई, निवाड्याचा लेख म्हणजे महजर लिहिला जाई आणि पाटील आपल्या नावाशी नांगराची निशाणी करी. भोरजवळच्या कारीच्या जेध्यांसारखी रोहिडखोऱ्याची देशमुख घराणी याच व्यवस्थेत वाढली. शेजारी जे डोळ्यांनी पाहतो, तेच खरं धरायचं.

2011 साली सरकारनं सुरू केलेली पीजीएस-इंडिया ही सहभागी हमीची प्रमाणपत्र-पद्धत मला त्या महजराची नात वाटते. किमान पाच शेतकऱ्यांचा गट, प्रत्येकाची प्रतिज्ञा, एकमेकांच्या शिवारात जाऊन तपासणी. रासायनिकातून बाहेर पडत असताना 'पीजीएस-ग्रीन', पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक'. परदेशी माल पाठवायचा तर एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्थेची तपासणी लागते. त्यात हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतरकाळ धरतात. दोन-चार खंडी भात पिकवणाऱ्याला त्या तपासणीचा खर्च झेपत नाही, म्हणून आम्ही पीजीएसचा गट केला.

गटाच्या तपासणीनं आम्हाला एक गोष्ट सोडायला लावली. सेंद्रियच्या नियमात पालापाचोळा जाळणं कमीत कमी ठेवायचं असतं. आजीचा राब मी थांबवला, तेव्हा जीव तुटला. आता बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत तुडवतो. काडीकचरा न जाळता त्याचं खत करणं शास्त्रात बसवणाऱ्या अल्बर्ट हॉवर्डनं होळकरांच्या इंदुरात काम केलं आणि 1931 च्या त्याच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आता आमच्या गटाची नोंदवही आहे. कुणी कधी काय टाकलं, ते तारखेसह त्यात लिहिलेलं आहे. भावातला फरक हातात येतोच, पण त्याहून मोठं हे, की वरच्या खाचरवाल्याशी बोलणं सुरू झालं. यंदा तोही गटात आहे.

पाकिटावरचा शिक्का बघा, गटाचं नाव विचारा. आणि जमलं तर आषाढात लावणीला या. वरच्या खाचरापासून बघत खाली उतरा.