उलट्या वाऱ्याचे यंत्र

हृदयाचा डावा कप्पा थकला की रक्त पुढे लोटले जात नाही. ते मागे फुप्फुसात तुंबते, दाब वाढतो आणि रक्तातील पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपते. रोगी खाटेवर बसल्या बसल्या बुडू लागतो. आडवे होण्याची सोय नाही, बोलायला श्वास नाही.

लंडनच्या गायज हॉस्पिटलातील डॉ. पोल्टन यांनी १९३६ साली ‘लॅन्सेट’मध्ये यावर जो उपाय मांडला, तो आम्हां यंत्रांत वाढलेल्या मंडळींना फार भावतो. केर ओढण्याचे घरगुती विजेचे यंत्र घ्यायचे आणि नळी मात्र वारा बाहेर टाकणाऱ्या तोंडाला लावायची. तो वारा घट्ट मुखवट्यातून रोग्याला द्यायचा. आधी यंत्र काही मिनिटे नुसते चालवून आतली धूळ घालवावी, हेही सांगायला ते विसरले नाहीत! दाबाने पिशव्या मिटत नाहीत, हृदयाकडे परतणारे रक्त थोडे कमी होते, आणि थकलेल्या गड्याचे ओझे उतरते.

पुढे घशात नळी घालून श्वास देण्याची पद्धत रूढ झाली आणि मुखवटा मागे पडला. १९९१ साली ऑस्ट्रेलियात ३९ रोग्यांवर त्याची पुन्हा परीक्षा झाली. नुसत्या प्राणवायूवरच्या वीसांपैकी सातांना नळी घालावी लागली. मुखवट्यातून सतत दाब मिळालेल्या एकोणीसांत एकालाही नाही.

मग आले दोन दाबांचे यंत्र. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. हुशार यंत्र खरे. पण १९९७ च्या अमेरिकेतील तुलनेत त्यावरच्या चौदांपैकी दहांना हृदयविकाराचा झटका आढळला, एका दाबाच्या तेरांत चौघांना. प्रयोग मध्येच थांबवला गेला. एकूण रोगी सत्तावीस! चार खात्यांचे मत म्हणजे साऱ्या गिरणीचे मत, असे आम्ही कधी धरले नाही. शिवाय त्या चौदांत छातीत दुखत असलेले रोगी मुळातच अधिक होते.

मोठी मोजणी ब्रिटनमध्ये झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. रोगी १०६९. दोन्ही यंत्रांनी दम प्राणवायूपेक्षा लवकर उतरला, पण सात दिवसांतील मृत्यू यंत्रांवर ९.५ टक्के, प्राणवायूवर ९.८. म्हणजे भेद जवळजवळ नाहीच. मात्र प्राणवायूवर न भागलेल्यांना तिथेही यंत्र देण्यात आले होते, हे विसरू नये. २०१९ साली अनेक प्रयोग एकत्र मोजले, तेव्हा यंत्राच्या वाऱ्याने मृत्यू घटतात असेच दिसले.

आणि दोन यंत्रांत सरस कोण? ब्रिटनच्या मोजणीत दोघांत फरक निघाला नाही. तालुक्याच्या दवाखान्यासाठी यंत्र घेताना हा आकडा आधी विचारावा, किंमत नंतर.