बेने इस्राएल समाजातील धर्मशिक्षण

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या मुलांची धर्मशिक्षणाची पहिली शाळा म्हणजे त्यांचे घर. मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, १७९६ मध्ये उभे राहिले. त्याआधी कित्येक पिढ्या शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतिदिन), सुंता आणि 'शमा' प्रार्थना कुटुंबांनीच जपली. हिब्रू न जाणता केलेले हे निव्वळ रूढिपालन, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या ज्यू शिक्षकांकडून हा समाज हिब्रू पठण शिकला. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत शाळाही काढली. तरी साखर-खोबरे घातलेल्या पोह्यांचा मलिदा आणि फळे मांडून एलियाहू प्रेषिताचे स्मरण करणे मूल घरीच शिकते. सिनेगॉगचा वर्ग या शिक्षणाला पूरक ठरतो, पर्याय नव्हे.