तासांचा हिशेब आणि अखंड जोडणी

मुंबईत इंटरनेट कामाच्या टेबलापर्यंत कसे पोहोचले, हे पाहताना वेगाइतकेच जोडणीचे शुल्क कसे मोजले जात होते याकडेही लक्ष द्यावे लागते. कारण वापरणाऱ्याची कामाची सवय आणि त्याच्यापुढचा धोका, दोन्ही या मोजणीबरोबर बदलत गेले.

१९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात जुहू येथील ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था सहभागी होती आणि आयआयटीसारख्या संस्थांमधील संशोधकांना या जाळ्यामुळे ई-मेलची सोय मिळाली. सर्वसामान्य ग्राहकांसाठीची सेवा मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने आरंभली. ही जोडणी ‘डायल-अप’ पद्धतीची होती, म्हणजे संगणकाला लावलेला मोडेम दूरध्वनीच्या तारेवरून कंपनीचा क्रमांक फिरवी आणि तेवढा वेळ त्या घरचा किंवा कचेरीचा फोन व्यग्र राही. चित्रांसह पाने दाखवू शकणाऱ्या खात्याच्या २५० तासांसाठी १५,००० रुपये मोजावे लागत, तर विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत केवळ अक्षरे दाखवणारे खाते मिळे. दूरध्वनीच्या कॉलचा आकार यावर निराळा. त्यामुळे पत्र आधी लिहून ठेवायचे, जोडणी लागताच ते पाठवायचे, आलेली पत्रे उतरवून घ्यायची आणि जोडणी तोडून निवांत वाचायची, अशी काटकसरीची शिस्त कामात रुजली.

या काळातील चोरीही तासांचीच होती. ज्याच्या हाती दुसऱ्याचा पासवर्ड लागे, तो त्या ग्राहकाने आगाऊ विकत घेतलेला वेळ वापरून टाकी. २००० साली दिल्लीत अशी एक तक्रार झाली, तेव्हा न दिसणारा वेळ ही चोरीला जाऊ शकणारी मालमत्ता मानायची की नाही, असा पेच पोलिसांपुढे उभा राहिला. कारण माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात यायचा होता.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे क्षेत्र खुले झाले होते, तरी मोजणीची पद्धत खऱ्या अर्थाने पालटली ती ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर. या धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या आणि सतत चालू राहणाऱ्या जोडणीस ‘ब्रॉडबँड’ म्हटले. महानगर टेलिफोन निगमने त्यासाठी एडीएसएल तंत्र वापरले. त्यात एकाच तांब्याच्या तारेवर आवाज खालच्या आणि माहिती वरच्या वारंवारितेने वाहत असल्याने फोन व इंटरनेट एकाच वेळी चालत, मात्र दूरध्वनी केंद्र जितके लांब तितका वेग घटे. या तारा खासगी कंपन्यांना भाड्याने वापरू द्याव्यात, अशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाची शिफारस होती, पण धोरणाने ती बंधनकारक केली नाही; परिणामी मुंबईत स्पर्धा उभी राहिली ती गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबलींच्या आधारे, आणि अनेक सोसायट्यांमध्ये टीव्हीची जोडणी देणारा केबलवालाच इंटरनेटही देऊ लागला. ग्राहकाच्या निवडीला त्यामुळे एक विचित्र मर्यादा पडली, कारण योजनांचे तक्ते कितीही असले तरी आपल्या इमारतीपर्यंत कोणाची तार आली आहे, यावर पुष्कळदा निर्णय होई.

सतत चालू राहणाऱ्या जोडणीने कामाची घाई संपवली, पण घराचे दारही कायमचे उघडे ठेवले. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे तपासात उघड झाले, आणि पुढील वर्षी मुंबई पोलिसांनी पासवर्डाविना उघडी असलेली वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना, कार्डावर छापलेला नसलेला आणखी एक पुरावा द्यावा लागू लागला; मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक, म्हणजे ओटीपी, याच गरजेतून सर्वपरिचित झाला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्तीने दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, तर २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेवाल्यांना ग्राहकाची ओळख पटवून नोंद ठेवण्याचे आणि कप्प्यांच्या आडभिंती साडेचार फुटांहून उंच न बांधण्याचे बंधन घातले.

जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ मेगाबिट प्रतिसेकंद झाली आणि तासांचा हिशेब स्मरणातूनही पुसट होत गेला. परंतु त्या हिशेबाबरोबर एक जुनी सावधगिरीची खूणही हरपली. २५० तासांतले दहा तास कोणी चोरले, तर ते शिलकीतून वजा झालेले दिसत. आज माहितीची नक्कल होते, मूळ माहिती जागच्या जागी राहते, आणि काही गेले आहे हे कळायला बहुधा बँकेचा संदेशच यावा लागतो.