जुन्या टीव्हीचा भाव बिलात शोधू नका

वापरलेला टीव्ही विकायला काढला की घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. कपाटातून बिल बाहेर येते, दर वर्षाचे दहा-पंधरा टक्के वजा होतात आणि उरलेली रक्कम ‘रास्त भाव’ म्हणून जाहीर होते. गिऱ्हाइकाने त्याहून कमी सांगितले की ते लुबाडायलाच आले, असे ठरते.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. प्राप्तिकराच्या नियमांतही सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर 15 टक्के घसारा धरतात. शिवाय बिल हा लेखी पुरावा. त्यापुढे विकणाऱ्याची हाव चालत नाही आणि घेणाऱ्याची चिकाटीही. घासाघीस टाळणारा, दोघांनाही सारखा लागू पडणारा नियम कोणाला नको असेल?

नियम सारखा आहे, मान्य. पण तो मोजतो काय? घसारा ही मालकाने एकदा केलेला खर्च त्याच्याच वहीत अनेक वर्षांवर वाटून टाकण्याची सोय आहे. त्या वस्तूला उद्या बाजारात कोण किती देईल, हे सांगण्याची हमी घसाऱ्याने कधी घेतलेलीच नाही. गिऱ्हाइकापुढे पर्याय दोनच: तुमचा जुना संच, नाहीतर त्याच आकाराचा नवा, आजच्या भावाने आणि वॉरंटीसह. तुम्ही पाच वर्षांपूर्वी किती मोजलेत, याचा त्याच्याशी संबंध काय?

पुरावा हवा? 22 सप्टेंबर 2025 रोजी 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वी 25,000 रुपये किमतीचा संच आदल्या दिवशी 32,000 ला पडत होता. दुकानदाराने सवलत पूर्ण पोचवली असे धरले, तर तो 29,500 वर उतरला. 32 इंची संचावर मात्र 1 जानेवारी 2019 पासूनच 18 टक्के होते. त्याला या निर्णयाचा स्पर्शही झाला नाही. आता समजा, एकाच घरात एकाच दिवशी घेतलेले दोन टीव्ही आहेत, दिवाणखान्यात 43 इंची आणि आतल्या खोलीत 32 इंची. बिलाचे सूत्र म्हणते, दोघांचा भाव सारख्याच टक्क्यांनी उतरावा. मोठ्याच्या नव्या जोडीदाराचा भाव एका रात्रीत अडीच हजारांनी खाली आला, धाकट्याचा जागच्या जागी राहिला. सूत्राला हे दिसलेच नाही.

हा युक्तिवाद घेणाऱ्याचीच बाजू घेतो, असे कोणी म्हणू नये. 1 ऑक्टोबर 2020 पासून टीव्हीच्या ‘ओपन सेल’वर, म्हणजे पॅनेलच्या मुख्य भागावर, 5 टक्के आयात शुल्क पुन्हा लागू झाले, त्याच काळात जगभर पॅनेलचे भाव चढले होते. नवे टीव्ही महागले, म्हणजे चांगल्या जुन्या संचाचेही मोल वाढले. टक्केवारीला फक्त उतरणे ठाऊक आहे. त्या वर्षी बिल पाहून भाव सांगणारा स्वतःच्या हाताने नुकसान करून बसला.

दुसरा दोष यंत्राच्या बाजूचा. टीव्ही दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी झिजत नाही. बॅकलाइट हळूहळू मंदावतो, हे खरे. पण त्याच्या पट्ट्या बदलता येतात. अ‍ॅप्स जुनी होऊन चालेनाशी झाली, तर एचडीएमआयला स्टिक लावली की भागते. तेवढ्याच किमतीची वजावट रास्त. पण पॅनेलवर उभी रेघ आली, की बहुतेक वेळा खेळ संपतो, कारण सर्वांत महागडा भाग तोच. एकाच वयाचे दोन संच, एकावर रेघ, दुसऱ्याचा पडदा निर्मळ. दोघांना एकच भाव लावणाऱ्या सूत्राला न्याय्य कसे म्हणावे?

मग हे सूत्र इतके लोकप्रिय का? मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेच व रिचर्ड थेलर यांच्या 1990 च्या प्रयोगात काहींना साधे मग दिले होते. ते परत विकताना त्यांनी मागितलेली किंमत घेणारे देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट होती. मग नुकताच हातात आला होता. टीव्ही तर वर्षानुवर्षे घरात असतो. बिल आपल्या वस्तूच्या या ओढीला आकड्यांचा अंगरखा चढवते, इतकेच.

गिऱ्हाइकाचा संशयही निराधार नसतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्येच जुन्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की दोष दिसत नसले तर घेणारा सर्वच मालाला सरासरी भाव देऊ पाहतो आणि चांगला माल बाजारातून हटतो. उपाय विकणाऱ्याच्या हाती आहे. टीव्ही चालू ठेवूनच दाखवावा. पडदाभर पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग आणावा, रिमोट आणि स्टँड समोर ठेवावा. बिलही जरूर द्यावे, मालकीचा आणि खरेदीच्या तारखेचा पुरावा म्हणून.

राहिला दसरा-दिवाळीचा एक्स्चेंज. तिथे जुन्याला देऊ केलेला आकडा हा भाव नव्हे. तोच नवा संच जुना न देता कितीला, हे आधी विचारावे. फरक उरेल तेवढीच तुमच्या टीव्हीची किंमत.

आणि पडदा फुटलेल्या टीव्हीचे काय? सूत्र त्यालाही आपली टक्केवारी लावेल. दुरुस्तीवाला मात्र त्यातला पॉवर बोर्ड आणि मेन बोर्ड कामाचा आहे का, ते पाहतो. तो बिल मागत नाही. मागच्या झाकणावरचा मॉडेल नंबर विचारतो.