मुठीच्या जागी भोक

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यातली कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची वीण, तिच्यावर शेणमातीचा लेप आणि गोल पोट. धान्य साठवायचं कसं, हा प्रश्न तिने केव्हाच सोडवला. हॉपरचं, म्हणजे तळाला भोक असलेल्या निमुळत्या पेटीचं, कूळ शोधताना अवघड निघतो तो पुढचा प्रश्न: साठवलेलं हवं तेवढंच खाली कसं सोडायचं?

आपल्याकडे हे काम मुठीचं होतं. जात्याच्या तोंडात वैरण घालायची ती मुठीने. तिफणीच्या चाड्यातही बी सुटतं ते मुठीतूनच. चाड्याच्या भोकांतून आणि नळ्यांतून ते फणामागच्या तासात पडतं, पण दाट पडायचं की विरळ, हे ठरवतात पेरणाऱ्याची बोटं. १७९५च्या सुमारास ब्रिटिश कॅप्टन थॉमस हॅलकॉटने दक्षिण भारतातली तिफण पाहिली, तेव्हा तो चकित झाला. असं अवजार युरोपनेच शोधलं, अशी त्याची समजूत होती. त्याची पत्रं इतिहासकार धरमपालांनी १९७१च्या आपल्या ग्रंथात पुन्हा छापली. एक फरक मात्र खरा. इंग्लंडच्या जेथ्रो टलने १७०१मध्ये बियांच्या पेटीखाली खाचांचा फिरता दंडगोल बसवला आणि मुठीचं काम त्याच्याकडे गेलं.

दाणे स्वतःच्या वजनाने जात्यात पडू द्यायची युक्ती त्याहून फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने पाणचक्कीच्या दगडांवर टांगलेल्या हॉपरचं वर्णन केलंय. पुढे युरोपातल्या चक्क्यांत हॉपरखाली एक हलतं पन्हाळं आलं, फिरता दांडा त्याला सतत ठोसे देई. म्हणजे दाण्यांना हलवावं लागतं, ते पाण्यासारखे वाहत नाहीत, हे तेव्हाही कळलेलं होतं.

का वाहत नाहीत, हे कळायला मात्र १८९५ उजाडलं. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या यान्सेन नावाच्या अभियंत्याने उंच चौकोनी पेट्यांत धान्य भरून तळावरचा भार मोजला. भर वाढवत नेली, पण तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढेना. उरलेलं ओझं घर्षणामुळे भिंतींवर गेलं होतं. कणगीची वीण आणि तिचा गोल आकार बाहेर ढकलणारा दाब पेलतात, हे आपण सूत्राशिवाय वापरत आलो. हॉपर काठोकाठ भरला काय नि अर्धा काय, दाणे भोकातून जवळपास सारख्याच वेगाने पडतात. पाण्याच्या टाकीचं तसं नाही.

धान्यापुरतं गणित इथे संपतं: उतार ४५ अंशांच्या आसपास, भोक सर्वांत मोठ्या दाण्याच्या निदान सहापट. नंदुरबारचा खरा माल मात्र मिरची. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, वाळलेली, देठ खुडलेली लाल मिरची दळली की जी पूड होते, ती तेलकट, हलकी आणि दमट हवेत चिकट. ती भोकावर कमान धरते. वर पोतंभर माल, खाली काही नाही. नाहीतर मधलीच पूड खाली येते आणि कडेची जुनी पूड महिनोन्महिने तिथेच बसून रंग घालवते.

यावर शास्त्र उभं केलं अँड्र्यू जेनिके यांनी, अमेरिकेत युटा विद्यापीठात. १९६१ आणि १९६४च्या त्यांच्या पुस्तिकांनी हॉपरचा आकार मालावरून ठरवायला शिकवलं: पूड भिंतीवर किती घसरते आणि दाबली की किती घट्ट होते, हे आधी मोजायचं, मग पत्रा कापायचा. गावातल्या फॅब्रिकेटरला असं मोजमाप कुठलं परवडणार? पण काही गोष्टी फुकट आहेत. चौकोनी हॉपरच्या चारही बाजू ६० अंशांच्या ठेवल्या, तरी त्या जिथे जुळतात तिथल्या कोपऱ्याचा उतार जेमतेम ५१ अंशांचा भरतो, आणि पूड तिथेच अडते. म्हणून पुडीसाठी गोल शंकू बरा, तोही चांगला उभट, आतून गुळगुळीत. जोडाची वेल्डिंग घासून काढलेली. भोक मोठं ठेवायचं आणि माल किती सोडायचा ते खालच्या, माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूवर सोपवायचं.

एवढं करूनही अडलं, तर हात हातोडीकडे जातो. ठोकून पत्र्याला पोचे पडतात आणि पुढच्या खेपेला पूड त्या पोच्यांनाच धरून बसते. व्हायब्रेटर लावायचा तर भोक उघडं असतानाच चालवावा. बंद भोकावर तो पूड खाली आणत नाही, आणखी दाबून बसवतो.